इंजिनाच्या झाकणाचा बोल्ट

माय,

सकाळपासून माझं बूड एका जागी टिकत नाहीये. चहा ठेवला तो उतू गेला, दुसऱ्यांदा ठेवला तो प्यायचाच राहिला. पोरीची मोठी बॅग खोलीच्या मधोमध उभी आहे, कुलूप लावलेली, आणि किल्ली सापडत नाही. पोरीनं गाद्या उलथ्यापालथ्या केल्या, माझ्यावर खेकसली आणि शेवटी किल्लीवाला शोधायला बाजारात गेली. उद्या तिचं विमान आहे. नोकरी लागली आहे तिला, पार समुद्रापलीकडं. घरात मी एकटी आहे, गॅलरीतून आत आणि आतून गॅलरीत करून शेवटी लिहायला बसले आहे, आणि तू काही डोक्यातून हलत नाहीस. तू तरी कुठं, तुझा उजवा हात.

बाबांनी ती जुनी काळी अँबॅसिडर घेतली तेव्हा अख्खं रोहणं गाव हसलं होतं. वांगी-मेथी पिकवणाऱ्या माणसाला मोटार कशाला? पण बाबा हट्टी. पहाटे डिक्कीत भाजीची पोती टाकून पुलगावच्या बाजारात जायचे आणि दिवसा लग्नाचं, दवाखान्याचं, स्टेशनाचं भाडं मारायचे. नवरी बसली तरी मागच्या सीटला सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्यांचा वास असायचाच. त्या गाडीच्या इंजिनाच्या कुशीला एक पत्र्याचं झाकण होतं आणि ते आवळून धरणारा एकच बोल्ट. बसवणाऱ्यानं तो नेमका सायलेन्सरच्या जाड नळ्यांच्या मागं बसवलेला. वरून बघितलं तर दिसत नाही, खालून हात पोचत नाही. बाबांचा पंजा नळ्यांपाशीच अडायचा. माझे हात बाबांवर गेलेले, रुंद, म्हणून मीही कामाची नाही. झाकणातून तेल झिरपायला लागलं की बाबा रांधणीच्या दाराशी येऊन उभे राहायचे. "ऐकलं काय वं? तुया हात पाह्यजे."

आणि मग तुझा तो थाट! लगेच हात घालशील तर शपथ. आधी साबणाचं पाणी, मग उजव्या हातातली एकेक हिरवी बांगडी सरकवून वाटीत ठेवायची, आणि शेवटची निघायच्या आत बाबांनी हळदीत भिजवलेला धागा मनगटाला बांधायचा. "नवरा समोर उभा हाय अन् हात भुंडा? नाई जी, आपल्याले नाई जमत." बाबा कपाळावर हात मारत, पण धागा बांधत. मग तू मडगार्डवर पोतं टाकून वाकायचीस, हात कोपरापर्यंत आत जायचा आणि तू डोळे मिटून घ्यायचीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "उघडे ठेवले तं ते उगीच भलतीकडं पायतात." बोल्ट बसला की राखेनं हात घासून बांगड्या परत, आणि धागा तुळशीत. एकदाही यात कसूर केलेली मी पाहिली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

मला नर्सिंगच्या मुलाखतीला वर्ध्याला बोलावणं आलं तेव्हा घरात तूच एकटी माझ्या बाजूनं होतीस. बाबा म्हणाले, एवढी शिकली ते पुष्कळ झालं, आता स्थळ पाहू. तू म्हणालीस, "जाऊ द्या तिले. तुमच्या गाडीत साऱ्या गावाच्या पोरी सासरी गेल्या, आपली एक पोरगी शिकाले गेली तं काय गाडी बिघडते?" बाबा त्यावर हसले, आणि बाबा हसले म्हणजे झालं. ठरलं असं की सकाळची बस सोडायची आणि बाबांच्या गाडीनं जायचं. आदल्या दिवशी गाडी धुऊन अंगणात उभी होती. संध्याकाळी बाबा पारावर गेले. मी आत तांब्यात निखारे घालून साडीला इस्त्री करत होते. तू बाहेरून आलीस ती मनगटाला पदर गुंडाळून. "विहिरीवर दोराचा हिसका बसला, बांगडी वाढली," म्हणालीस. ओरखडा चांगला लाल होता. मी हळद लावायला हात धरला, तर तू झटक्यात काढून घेतलास आणि माझ्यावरच ओरडलीस की इस्त्रीकडं लक्ष दे, साडी जळेल.

सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मी केसांना तेल लावून, साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले आहे. बाबा गाडी चालू करतात, ती पारापर्यंत जाते आणि धूर सोडत परत येते. बोनेट उघडून बाबा नळ्यांच्या फटीत जेवढी जातील तेवढी बोटं घालतात आणि सरळ होतात. "बोल्टच नाई इथं! झाकण मोकयं लटकून राह्यलं, सारं तेल नयीवर." त्यांनी डबा पालथा केला, पण त्यातला एकही बोल्ट त्या आट्यांना लागेना. बस गेलेली. दुसरी दुपारची. मुलाखत सकाळची.

मी रडले नाही, माय. त्याचंच आज मला नवल वाटतं. मी पिशवी खुंटीला टांगली, पदर खोचला आणि ओट्यावर मेथीचा ढीग पडला होता त्यापुढं बसून जुड्या बांधायला लागले. "राहू दे माय. नाई गेली तं नाई गेली." एवढं सहज म्हणाले की जसं काही बाजारचा दिवस चुकला होता. तू दारात उभी होतीस. तू माझ्या हातांकडं बघत राहिलीस. मी दुसरी जुडी बांधली, तिसरीला हात घातला, तशी तू एकदम पुढं आलीस आणि माझ्या पुढ्यातला ढीग पायानं बाजूला लोटलास. भाजीला पाय लावणारी तू नव्हेस. "ठेव ते मेथी! हात हिरवे नको करू. तुले जा लागते."

मग तू खराटा घेतलास. अंगण पहाटेच झाडून झालं होतं, तरी परत झाडायला घेतलंस, गोठ्याच्या कडेपर्यंत गेलीस आणि तिथून ओरडलीस, "अजी, हा पाहा! झाडता झाडता भेटला." तळहातावर बोल्ट होता. बाबा त्याच्याकडं बघून म्हणाले, "एवढा रस्ता पडला होता, अंगणातच काऊन पडला बे हा?" तू म्हणालीस, "पडला तिथं पडला. तुमी धागा आना." साबणाचं पाणी झालं, बांगड्या वाटीत गेल्या, धागा बांधला गेला. तू डोळे मिटलेस. त्या दिवशी फार वेळ लागला आणि मला वाटलं, ओरखडा दुखत असेल. गाडी निघाली तेव्हा तू हात हलवायलाही आली नाहीस. मी मुलाखतीला वेळेत पोचले.

पुढचं तुला माहीत आहेच. होस्टेलवर पहिल्यांदा भेटायला आलीस तेव्हा तू माझे हात उलटेपालटे करून बघितलेस. वॉर्डात बांगडी चालत नाही म्हटल्यावर हळूच विचारलंस, "धागा तरी बांधू देतात काय वं?" मी हसले. नाही म्हणाले. तूही हसलीस, पण जाईपर्यंत माझं मनगट सोडलं नाहीस. थोड्याच वर्षांत तू गेलीस, साध्या काविळीनं, आणि मला कळवेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तू गेल्यावर बाबांचं गाडीवरचं मन उडालं. विकायच्या आधी नाचणगावच्या एका मिस्त्रीकडं इंजिन उतरवलं, तेव्हा मी सुटीवर होते, बाबांसोबत गेले होते. नळ्या निघाल्या आणि त्यांच्या मागं, तेलानं थिजलेल्या मातीत, हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. बाबांनी तो धोतराला पुसला. "तुया मायचा हाय," एवढंच म्हणाले आणि खिशात टाकला. मिस्त्री हसला. मीही हसले. आणि परतीच्या बसमध्ये माझं हसू गेलं. कारण तू बांगड्या काढल्याशिवाय तिथं कधी हात घातलाच नव्हता. सगळ्यांदेखत तरी नव्हता. चोरून घालायचा असला तर मात्र धागा कोण बांधणार होतं? आणि तुझ्या हाताशिवाय तो बोल्ट निघणार तरी कसा होता?

राग आला, माय. खूप आला. सगळ्या घराशी माझ्यासाठी भांडलीस आणि आदल्या संध्याकाळी पाना घेऊन स्वतःच गाडीत वाकलीस! कितीतरी वर्षं मी मनातल्या मनात तुला एकच विचारत होते, काऊन काढला? जाऊ द्यायचं नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतंस, मी राहिले असते. हे लिहितानाच कळतंय की म्हणूनच सांगितलं नसशील. मी राहिले असते हे तुला माहीत होतं. मेथीच्या जुड्या बांधताना तू ते डोळ्यांनी पाहिलंस.

काढला कशासाठी, ते आता मला कुणी सांगायला नको. बॅगेकडं बघितलं की कळतं. पोरगी गेल्यावर या खोलीत भांडं पडलं तरी मीच पाडलेलं असेल. तिला जा म्हणणारीही मीच होते, तिच्या काकांशी भांडणारीही मीच. मला विचारायचं आहे ते दुसरंच. परत लावताना तुझ्या हाताला बळ कुठून आलं? दुखऱ्या मनगटानं, डोळे मिटून, नळ्यांच्या मागं, आणि आटे बरोबर धरलेस. मला तर साधं या खुर्चीतून उठवत नाहीये.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, तेही मला माहीत नाही. घडी करून पोळपाटाखाली ठेवीन, उद्या चुलीत घालावं तर आता चूलही नाही. जिन्यात पोरीच्या चपला वाजतायत, सोबत किल्लीवाला असावा. माय, बॅगेची किल्ली कालपासून माझ्या कमरेला खोचलेली आहे. आता उठते, खराटा नाही, झाडू घेते. झाडता झाडता सापडली, म्हणून सांगते.