दुखणं सांगणार कोण

तासगाव, सोमवार, ८ नोव्हेंबर १९६५

शनिवारी लिहिलं, शेवंता म्हणाली की भूक लागत नाही. ते चूक. बोलली तिची सासू: "खात न्हाई, आन् कामाला लय जड!" अण्णांच्या दवाखान्यात सुनांची दुखणी सासवाच सांगतात.

आज सासू चपला शोधत होती, तेवढ्यात शेवंता माझ्यापाशी पुटपुटली, "ताई, विहिरीवर गेलं की उडी टाकावी वाटतंय."

त्या दोघी गेल्यावर अण्णांना सांगितलं. म्हणाले, "ताप असता तर उतरवला असता. मिरजेच्या मनोविकाराच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून विचारतो. पण हिला एकटीला बोलतं कोण करणार?"

मी. जमेल? पुढच्या खेपेला अण्णा तेवढा वेळ सासूचा रक्तदाब मोजत बसतील.

पण तिला एकटीला पाण्याला धाडू नका, हे सासूला सांगायचं राहिलंच. उद्या, मंगळवारी, उजाडताच त्यांच्या वस्तीवर जाते.