चौथ्या शीलापाशी

प्रिय अश्वजितदादा,

जयभीम. अहेरीच्या पत्त्यावर पत्रच टाकते आहे, कारण फोनवर बाबांचं नाव निघालं की तू बोलणं तोडतोस.

दर मंगळवारी मी बाबांना मूल गावच्या सुया टोचणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नेते. गालात, कपाळावर, अंगठ्याजवळ केसासारख्या बारीक सुया लावून वीस मिनिटं निजवून ठेवतात. पहिल्या दिवशी बाबा आरशात पाहून म्हणाले, "या पोट्टीनं माही सायाळ करून टाकली!" हसले, पण अर्ध्याच तोंडानं. वर्ष होत आलं, डावा डोळा अजून पुरता मिटत नाही. झोपताना मी पट्टी लावून देते. इतक्या उशिरा कुणाला थोडा फरक पडतो, कुणाला नाही, असं बाईंनी आधीच सांगितलं. सहा वेळा जाऊन आलो. भुवई किंचित हलली असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर माझाच भरवसा नाही.

बाईंनी विचारलं, तोंड वाकडं झाल्यावर गोळ्या कधी सुरू केल्या? मी म्हणाले, दुसऱ्या दिवशी. बाबा खाली बघत राहिले.

तुला ठाऊक आहे ते एवढंच. धानाच्या राखणीला मचाणावर झोपलेले बाबा सकाळी घरी आले, चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळलं, आणि "मचाणावरचं वारं लागलं, दवाखाना कायले?" म्हणत त्यांनी बारा दिवस एरंडाच्या पानांनी गाल शेकला. पहिल्या तीन दिवसांत आणायला हवं होतं, असं सरकारी डॉक्टर म्हणाले. तेव्हा तू बाबांना अडाणी म्हणालास. त्यानंतर त्यांना तुझा फोन नाही.

दादा, ते 'दवाखाना कायले?' माझं होतं. बाबा म्हणाले होते, "मले दवाखान्यात ने वो, माय." चार दिवसांवर माझा भरतीचा पेपर होता. पानांनी गाल मीच शेकला. पेपर झाल्यावर, उशीर झाला असं कुणी म्हणेल या भीतीनं आणखी आठवडा काढला. तू चिडलास तेव्हा बाबांनी सगळं स्वतःवर घेतलं. मंगळवारी मी डॉक्टरबाईंना खरं सांगणार आहे. तू त्याआधी बाबांना फोन कर. शाळेत जायच्या आधी ज्यांनी माझ्याकडून घरी पाचही शीलं पाठ करून घेतली, ते आता विहारात ओठ बोटानं दाबून वंदना घेतात. पहिलं शील, 'पाणातिपाता', नीट म्हणतात. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी मात्र गप्प होतात. लोकांना वाटतं, ओठ मिटत नाही.

तुझीच,
संघप्रिया