उतारावरच्या वीस स्कूटर

४ जानेवारी. सकाळी.
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या कामाची नोंद हवी, नाहीतर मागून श्रेय लाटायला शंभर जण येतात. विद्यापीठात सहायक कुलसचिव म्हणून चौदा वर्षं दुसऱ्यांच्या फाइली पुढे ढकलल्या. ही फाइल माझी. प्रस्ताव: विद्यार्थ्यांसाठी सामायिक इलेक्ट्रिक स्कूटर. फोनवर कोड टाका, चालवा, आवारात कुठेही सोडा. उपकुलसचिवाची खुर्ची मार्चमध्ये रिकामी होतेय, हा निव्वळ योगायोग.

११ जानेवारी.
कुलसचिवांकडून फाइल परत. शेरा: ‘आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा.’ केवढा विश्वास! सुरक्षा अधिकाऱ्याने नुसतं ‘पाहिले’ लिहिलं. विधी विभागाने तेवढंही नाही. माझी एकट्याची सही उठून दिसतेय.

बायको म्हणाली, सगळे एकदम मागे सरकले की पुढे खड्डा आहे का बघावं. हिला प्रशासनातलं काय कळतंय!

२ फेब्रुवारी. दुपारी.
स्कूटर आल्या. वीस. हिरव्यागार. वर्कशॉपच्या फोरमनने एक चालवून पाहिली आणि तोंड पाडून परत आला. म्हणाला, लायब्ररीपासून फाटकापर्यंतच्या उतारावर ब्रेक धरत नाही. एकटा असला तर निभावेल. डबलसीट बसले की गाडी थेट मोठ्या रस्त्यावर, ट्रकपुढे. उतार बंद करा. या माणसाला चांगलं कधी दिसतच नाही. उतार बंद केला तर योजनेत उरतं काय? कॅन्टीन ते पार्किंग!

लेखी द्या म्हटलं. एरवी एवढ्यावर माणसं गप्प बसतात. याने लेखी दिलं. कागद खणात ठेवलाय, सवडीने वाचेन. उतारावर पाटी लावली: ‘सावकाश.’

त्याच दिवशी, जेवणानंतर.
कन्या आमच्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सांगितलं, तू मात्र त्या स्कूटरवर बसू नकोस, चालत जा, व्यायाम होतो. ती म्हणाली, बाबा, तुमचीच तर योजना! बायको माझ्याकडे बघत राहिली. अधिकारी वेगळा, बाप वेगळा. यात विसंगती काही नाही.

९ फेब्रुवारी.
उद्घाटन. कुलसचिव ऐनवेळी आजारी. सुरक्षा अधिकारी रजेवर. फीत मीच कापली. फोटोत एकटाच असल्यामुळे चेहरा मोठा आला.

२० फेब्रुवारी.
परवा एक स्कूटर फाटकाजवळच्या कुंड्यांत गेली. आज दुसरी पहारेकऱ्याच्या चौकीत. तो नेमका पाणी प्यायला गेला होता. कुणालाही इजा नाही, सबब योजना सुरक्षित, असा अहवाल पाठवला. पहारेकरी आता चौकीमागे खुर्ची टाकून बसतो. भित्रा.

उतार तूर्त बंद करावा का? सोमवारी बघू. आधीच बंद केला तर चूक कबूल केल्यासारखं होईल.

२४ फेब्रुवारी. दुपारी तीन.
कन्येची मैत्रीण. आमच्याकडे कितीदा जेवलीय. मागे कुणाला तरी बसवून उतारावरून आली. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून जीव वाचला. पाय दोन ठिकाणी मोडलाय. मागची मुलगी झुडपात पडली, तिला फक्त खरचटलं. पाटी जागेवर होती, हे मी स्वतः जाऊन बघून आलो.

३ मार्च.
चौकशी समिती. अध्यक्ष कुलसचिव, तब्येत ठणठणीत. फाइल उघडली आणि सगळ्यांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं. फोरमनच्या कागदाबद्दल विचारलं, तर मी म्हणालो, वाचायचा राहून गेला. धोक्याची मला कल्पनाच नव्हती.

मग कन्येला बोलावलं. मैत्रिणीने आधी हिलाच मागे बस म्हटलं होतं म्हणे. का नाही बसलीस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बाबांनी बसू नकोस म्हणून सांगितलं होतं.

टायपिस्टने ते वाक्य टाइप केलं. मी निलंबित.

घरी आल्यावर तिने एकच विचारलं. मला सांगितलंत, मग तिला का नाही? मी म्हणालो, मला वाटलं, ज्याच्या त्याच्या घरचे सांगतील.

ती चपला घालून हॉस्पिटलला निघून गेली.