कोपरापर्यंतचा विरोध

सोमवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.
नवी वही. आजपासून सगळं खरं लिहायचं. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहून फायदा शून्य. तरीपण भिंतीला कान असतात. म्हणून पक्षांची नावं लिहायची नाहीत. ज्याला आमची संस्था, शाळा, प्रार्थनाघर आणि गल्लीतली मांजरंसुद्धा मत देतात तो मोठा पक्ष म्हणजे 'काका'. गेल्या निवडणुकीत अख्ख्या शहरात ज्याला चारशे बारा मतं पडली तो माझा पक्ष म्हणजे 'मावशी'. (चारशे बारात मी नव्हतो. ताप होता. नव्याण्णव.)

धार्मिक शाळेत अकरा वर्षं नागरिकशास्त्र शिकवतोय. स्टाफरूममध्ये बावीस जण. एकवीस काकांचे. बाविसावा मी, आणि कुणाला पत्ता नाही. याला म्हणतात शिस्त. ही म्हणते, याला घाबरणं म्हणतात. हिला राजकारणात गम्य नाही.

संकल्प: या निवडणुकीत आपलं मत चारचौघांत सांगायचं. फक्त योग्य वेळ बघायची.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
प्रार्थनेनंतर हेडसरांनी काकांचे बिल्ले वाटले. सक्ती नाही म्हणाले. जे लावणार नाहीत त्यांची नावं फक्त शिट्टी लिहून घेईल. शिट्टी म्हणजे आमचे पीटीचे सर.

बिल्ला लावला, पण उजवीकडे. सगळे डावीकडे लावतात. मूक निषेध!

गुरुवार, ६ फेब्रुवारी.
हेडसरांच्या लक्षात आलं. केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, उजवीकडे चांगला उठून दिसतो हो, आमच्या कसं डोक्यात आलं नाही. उद्यापासून सगळ्यांनी उजवीकडे. स्टाफसमोर माझं कौतुक, टाळ्या.

टाळ्या न वाजवणारे एकच, धर्माचे मास्तर. ते पोथी शिकवतात, फारसं बोलत नाहीत, नुसतं बघतात. हा माणूस हेडसरांचा हेर आहे असा माझा जुना संशय. आज पक्का झाला.

शनिवार, ८ फेब्रुवारी.
मावशीचा जाहीरनामा मिळवला. चार पानं, स्वस्त कागद, पण काय मुद्दे! घरी बिस्किटांच्या डब्याखाली लपवला. संध्याकाळी बघतो तर ही खुर्चीत पाय वर घेऊन तोच वाचतेय. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा मुद्दा बरा आहे म्हणाली. म्हटलं, तू त्यात पडू नकोस, ते खोल प्रकरण आहे. बरं म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

सोमवार, १० फेब्रुवारी. दुपारी ४.
मोठा दिवस. काकांचा उमेदवार आशीर्वाद घ्यायला प्रार्थनाघरात आला. आमच्याकडे पद्धत अशी की आशीर्वादाची प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांनी उभं राहायचं आणि उजवा हात वर करायचा. सहाशे पोरं, बावीस शिक्षक.

मी हात वर केला, पण कोपरातून वाकवलेला. ज्याला कळायचं त्याला कळेल. ओठ हलवले, आवाज काढला नाही.

आणि तेवढ्यात दिसलं. अकरावीची एक पोरगी बसून आहे. खिडकीजवळची, माझ्या तासाला पेन्सिल चावत बसते ती. हात मांडीवर, मान वर, नुसती बसलेली. उमेदवारानं पाहिलं. हेडसरांनी पाहिलं. सहाशे पोरांनी पाहिलं.

घरी येईपर्यंत आठवलं नव्हतं. आता आठवलं. जानेवारीत मीच वर्गात म्हणालो होतो की एखादी गोष्ट पटत नसेल तर आरडाओरडा करायची गरज नाही, नुसतं बसून राहिलं तरी पुरतं. उदाहरण म्हणून म्हणालो होतो. पोरं उदाहरणं फार मनावर घेतात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.
पोरीची चौकशी झाली. हेडसर, शिट्टी, धर्माचे मास्तर. मी बाहेर व्हरांड्यात पेपर तपासत होतो, एकच पेपर चाळीस मिनिटं. हे तुला कुणी शिकवलं, असं तीनदा विचारलं. ती तिन्ही वेळा म्हणाली, कुणी नाही.

हुशार पोरगी. चळवळीचा माणूस जपायला हवा हे तिला बरोबर कळलं. आमच्यात एक न बोललेली समजूत आहे.

जेवण गेलं नाही. बहुतेक ॲसिडिटी.

बुधवार, १२ फेब्रुवारी.
सोमवारी स्टाफ मीटिंग. विषय एकच, तिला शाळेतून काढायचं. परीक्षा पाच आठवड्यांवर. मध्येच काढली तर दुसरी शाळा घेणार नाही, वर्ष वाया. आई नर्स, एकटी, आलटून पालटून ड्युट्या.

मधल्या सुट्टीत जिन्यावर गाठलं तिनं. विचारलं, सर, मीटिंगला तुम्ही असाल ना? असेन म्हणालो. तिचा चेहरा एकदम निवळला. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण घंटा झाली आणि तसंही जायचंच होतं.

संकल्प: सोमवारी बोलायचं. लेकाचे काय करतील? फार तर नोकरी घेतील.

रात्रीचं दूध घेतलं नाही. नोकरी गेली तर परवडायचं नाही, आतापासून सवय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.
सापही मरावा आणि काठीही मोडू नये असा मार्ग सापडला. हेडसरांना निनावी पत्र! डाव्या हातानं लिहिलं, कारण माझं अक्षर शाळेत सगळे ओळखतात. दोन पानं. मुलीचा काही दोष नाही, तिला वर्गात जे शिकवलं तेच तिनं केलं, तिला काढणं हा धर्मही नाही आणि न्यायही नाही. जळजळीत. सकाळी सहाला केबिनच्या दाराखालून सरकवलं. परत येताना चाललो तसं ताठ चालणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.
हेडसरांनी बोलावलं. हातात माझं पत्र. म्हणाले, कुण्या वेड्यानं काहीतरी टाकलंय, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुमचं अक्षर मोत्यासारखं. जरा नीट उतरवून द्या, फाइलला लावू.

त्यांच्यासमोर बसून माझंच पत्र मी उतरवलं. ते चष्मा पुसत बघत होते. उतरवताना 'वर्गात जे शिकवलं' हे वाक्य जरा लांबलं आहे असं वाटलं, ते गाळलं. 'न्यायही नाही' हेही जरा भडक. शेवटी पाऊण पान झालं. हेडसर वाचून म्हणाले, यात तर काहीच नाही. फाइलला लावलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी.
आता बोलणं वगैरे सोडा. हेडसरांची पद्धत मला पाठ आहे. ठराव वाचतात आणि म्हणतात, ज्यांचा विरोध असेल त्यांनी उभं राहावं. अकरा वर्षांत कुणी उभं राहिलेलं नाही. 'सर्वानुमते मंजूर' असा रबरी शिक्काच केलाय. इतिवृत्त मीच लिहितो, शिक्का माझ्याच खणात असतो.

म्हणजे मला फक्त उभं राहायचंय. शब्दसुद्धा नको. उभं राहणं हाच विरोध. दिवसभर जेवणाच्या टेबलापाशी सराव केला. सावकाश उठलं की खुर्ची करकरते, झटक्यात उठलं की गुडघा धरतो. मध्यम वेग उत्तम. हिनं विचारलं, मूळव्याध का? सांगितलं काय ते. पहिल्यांदाच सगळं सांगितलं, जिन्यावरचंसुद्धा. तिनं खुर्ची जागेवर सरकवली. मग म्हणाली, खुर्चीची काळजी करू नका, नुसते उठा.

सोमवार, १७ फेब्रुवारी. संध्याकाळी.
उभा राहिलो.

हे आधी लिहून ठेवतो, कारण हे खरं आहे आणि ते कुणी नाकारू शकत नाही. हेडसर म्हणाले, विरोध असेल त्यांनी उभं राहावं, आणि मी उभा राहिलो. मध्यम वेगानं. एकवीस माना वळल्या.

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हां, चहाचं सांगायला उठलात ना? बरं झालं, घसा सुकलाय. माझ्यात साखर कमी सांगा.

मी उभाच होतो. दोन सेकंद. तीन असतील. मग गेलो आणि चहाचं सांगितलं.

परत आलो तेव्हा धर्माचे मास्तर बोलत होते. बसल्या बसल्याच, पोथी वाचतात तशा आवाजात. पोरीला परीक्षेपर्यंत राहू द्या, देवापुढे बसणं हा कुठल्याच धर्मात गुन्हा नाही, असं काहीतरी. हेडसर म्हणाले, बसून सांगितलेलं धरत नाहीत. मास्तर म्हणाले, माझे गुडघे गेलेत हे तुम्हाला माहीत आहे. सगळे हसले. ठराव मंजूर.

मास्तरांची ही चाल असणार. माझ्या तोंडून काही काढून घ्यायचं होतं.

शिक्का मारला. शाई फिकी होती, दोनदा मारावा लागला.

हिनं विचारलं, उठलात का? उठलो म्हटलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी.
पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला मला लिहायला दिला, अक्षर चांगलं म्हणून. वर्तणूक या रकान्यात मी ठसठशीत 'उत्तम' लिहिलं. म्हटलं, होऊन जाऊ दे! हेडसरांनी कोरा फॉर्म परत पुढे ठेवला, 'समाधानकारक' लिहा म्हणाले. लिहिलं. पण अक्षर जरा मोठं काढलं.

कारण या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून'. माझा पेन तिथं अडकला. झटकल्यावर चालला.

संकल्प: मतपेटी. तिथं हेडसर नाहीत, शिट्टी नाही, खुर्ची नाही. पडदा, मी आणि मावशी. तिथं मला कुणाचा बाप अडवू शकत नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी.
मतदान केंद्र आमच्याच शाळेत, नववी ब च्या वर्गात. मी आणि ही बरोबर गेलो. टेबलावर याद्या घेऊन शिट्टी बसला होता, सरकारी ड्युटी. बोटाला शाई लावताना डोळा मारला त्यानं.

मतदान केलं. तपशील लिहीत नाही. मतदान गुप्त असतं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी.
निकाल. काका भरघोस मतांनी. केंद्रवार आकडे फळ्यावर लागले. आमच्या शाळेच्या केंद्रावर काका सहाशे एकोणचाळीस. मावशी एक.

स्टाफरूममध्ये हलकल्लोळ. कोण तो एक? शिट्टीनं यादी काढून एकेकाचं नाव घेतलं. या वस्तीतले बाकीचे सोळा शिक्षक झाले, शिपाई झाले, धर्माचे मास्तर झाले (ते म्हणाले, माझं मत दुसऱ्या वस्तीत आहे, नाहीतर तुमचे दोन झाले असते). माझ्या नावाशी आल्यावर शिट्टी थांबलासुद्धा नाही. हेडसर म्हणाले, यांचं कशाला वाचता, पुढे चला.

पुढच्या वर्षीपासून मी शिस्त समितीचा प्रमुख. पेढे नाहीत, काही नाही, नुसतं पत्र. ते मीच लिहिलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.
दाखला न्यायला पोरीची आई आली. ड्युटीवरून थेट, नर्सचे कपडे अंगावर. दुसऱ्या शाळेनं पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलंय. पोरगी घरी असते, भांडी घासते, कुणाशी बोलत नाही. काल मात्र निकाल वाचून हसली म्हणे. म्हणाली, आई, ते एक मत सरांचंच असणार.

आईनं विचारलं, तुमचंच ना सर?

मी मान हलवली. हो अशी. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि तिथंच, ऑफिसच्या खिडकीशी, रडली. दाखला बघितलासुद्धा नाही.

ही वही खरं लिहायला घेतली होती, म्हणून लिहितो. ते मत माझं नव्हतं. पडद्यामागे कुणीच नव्हतं. शिक्का हातात होता, मावशीचं चिन्ह खालून दुसरं होतं, आणि हात आपसूक वर काकांकडे गेला. या वेळी कोपरातून वाकलासुद्धा नाही. मला माझीच लाज वाटते आणि ती कुणाला सांगायची सोय नाही.

शेवटी हिलाच सांगितलं. भाजी निवडत होती. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली की ते मत तिचं होतं. तिला वाटलं होतं, निदान दोन तरी निघतील.