दाजींनी ओढून आणलेलं मळणी यंत्र

चि. वीरेश,

शरणु शरणार्थ. काल फोनवर तू तुझ्या दाजींची लई तारीफ केलीस. उदगीरहून त्यांनी एकट्यानं मळणी यंत्र ओढून आणलं, म्हणून पाऊस पडायच्या आत तुझ्या तुरीची रास झाली, असं म्हणलास. 

खरं असं झालं. कर्नाटकच्या नाक्यावर आरटीओ साहेबानं ट्रॅक्टर अडवला, मी मडगार्डवर बसले होते. दाजींनी ऐटीत लायसन्स दाखवलं.

"हे तर मोटारसायकलचं आहे," साहेब म्हणाला.

"आजवर ह्याच्यावरच ट्रॅक्टर चालवून राहिलो की!"

"शेतात चालवत असाल. रस्त्यावर यंत्र ओढायला ट्रॅक्टरचं लायसन्स लागतं. नाहीतर गाडी इथंच राहील."

आभाळ भरून आलेलं आणि तुझी तूर उघड्यावर. मी पिशवीतून माझं ट्रॅक्टरचं लायसन्स काढलं. गेल्या साली लेकीसोबत मीबी परीक्षा दिली होती, घरात सांगितलं नव्हतं. दाजी मला स्टेअरिंग देऊन मडगार्डवर बसले.

तुझ्या गावाच्या वेशीवर मीच खाली उतरले आणि त्यांना स्टेअरिंग दिलं. पुढचं तू पाहिलंस. तू त्यांना फेटा बांधलास आणि मला विचारलंस, "अक्का, बसून बसून पाठ दुखली असंल न्हाई?" मी हाव म्हणले.

हे पत्र धाडणार न्हाई. तू हसशील, आणि ते तुझ्या दारात पाय ठेवायचे न्हाईत.

परतताना वेशीबाहेर त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. जन्मात पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं. म्हणाले, "बसा, ड्रायव्हरसाहेब."

तुझी अक्का,
शरणम्मा