हिरव्या ढालीवरचा सारस

मी, अनुसयाबाई, कै. भोजराज मालगुजार यांची एकुलती एक मुलगी व कै. केवलराम यांची पत्नी, वय साठीच्या पुढे, धंदा शेती, राहणार मौजा कोहमटोला, केशोरीजवळ, तहसील साकोली, जिल्हा भंडारा, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते आज लिहून ठेवते. गुडघे सोडले तर प्रकृती बरी आहे. डोके ठिकाणावर आहे. ज्याला तसे वाटत नाही त्याने माझ्यासमोर येऊन बोलावे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, आणि कोणी आणलेच असते तर हे मृत्युपत्र मी लिहिलेच नसते.

१. राहते घर व तलावाखालची धानाची जमीन माझा मुलगा गोवर्धन आणि मुलगी निर्मलाबाई या दोघांना निम्मी निम्मी द्यावी. नव्या कायद्याने मुलीलाही हक्क दिला आहे, पण कायदा नसता तरी मी हेच लिहिले असते. तलावाला लागून असलेल्या बांधीत पावसाळ्यात सारसाची जोडी घरटे करते. पिल्ले निघेपर्यंत तेवढा तुकडा कोणी निंदू नये.

२. मालगुजारीची पितळी मोहर आणि चपराशाच्या पट्ट्यावरचा बिल्ला आमचा जुना चपराशी उदाराम याला द्यावा. मालगुजारी जाऊन इतकी वर्षे झाली तरी तो दर दसऱ्याला बिल्ला चिंचेने घासतो. मी एकदा विचारले, "आता कोणाले दाखवाचा आहे रे?" तर म्हणाला, "कोणाले नाई बाई, पण काळा पडलेला पाहावत नाई." अशा माणसाकडेच तो राहावा.

३. ढालीविषयी. हे कलम लांब होईल, पण माझ्या बांच्या कागदात ढालीचा शब्दही नव्हता म्हणून पुढचे सारे घडले, तेव्हा मी काही सोडणार नाही.

मी परकर नेसत होते तेव्हाची गोष्ट. बा नागपूरला एका दरबाराला गेले होते. तिथे संस्थानिकांच्या बग्ग्यांवर रंगवलेल्या ढाली त्यांनी पाहिल्या आणि आपल्या घराचेही चिन्ह असावे असे त्यांच्या मनाने घेतले. जबलपूरहून एक पेंटरबाबू आणवले. ते आमच्या ओसरीवर महिनाभर राहिले. माणूस मोठा गोड. ढालीचे नियम ते असे सांगत, जसे कोणी घरातल्या माणसांचे स्वभाव सांगावेत. सोने आणि चांदी हे धातू, बाकीचे रंग. रंगावर धातू ठेवावा, धातूवर रंग, रंगावर रंग कधी नाही, कारण लढाईच्या धुळीत दुरून ओळखू आले पाहिजे. ढालीवरच्या प्राण्याचे तोंड ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे. ढालीच्या वर मुकुटाच्या जागी एखादी वस्तू आणि खाली ब्रीद लिहायला पट्टी.

बांना वाघ हवा होता. पेंटरबाबू म्हणाले, "मालिक, शेर-बाघ तो सबके पास है."

मी खांबाला टेकून ऐकत होते. मीच म्हणाले, "बा, आपल्या बांधीतला सारस काढा ना."

बा हसले नाहीत. तलावाकडे पाहून म्हणाले, "काढा जी. पोरगी म्हणते तोच काढा."

अशी आमची ढाल झाली. रोवणीनंतरच्या धानासारखी हिरवी जमीन, तिच्यावर चांदीचा सारस, वर सोनेरी धानाची पेंढी. खालच्या पट्टीवर काय लिहावे ते बांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही. ती अजून कोरी आहे. सागवानाची ती ढाल दरवाजावर चढली त्या दिवशी बांनी सगळ्या गावाला जेवण घातले, आणि मला खांद्यावर घेऊन सारसाच्या चोचीला हळद लावायला लावली. मी काही तशी लहान नव्हते. त्यांना धाप लागली होती, पण खाली उतरवीनात.

त्याच महिन्यात मी पेंटरबाबूंना विचारले होते, "ही ढाल माझी पण का?" ते म्हणाले, "बिटिया, औरत को ढाल नहीं मिलती. उसे ऐसा मिलता है," आणि खडूने फरशीवर शंकरपाळ्याचा आकार काढला. मला रडू आले. बा विचारू लागले, "काऊन रडून राहिली?" कारण कळल्यावर त्यांनी बाबूंना विचारले, "ज्याले एकच पोरगी असन त्यानं काय कराचं?" बाबू म्हणाले, भाऊ नसेल तर मुलगीच वारस, तिच्या बापाची ढाल तिची मुले पुढे चालवतात. बांनी ते दोनदा म्हणवून घेतले.

बांनी जमीन आणि घर हयातीतच माझ्या नावे केले आणि माझे यजमान इथेच राहायला आले. बा वारल्यावर तेरवीच्या दिवशी माझा चुलतभाऊ टेकचंद देवरीकडून माणसे घेऊन आला. पंगत बसली होती. त्याने शिडी लावायला सांगितली.

"ढाल वंशाची असते," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "बाईच्या दारावर ढाल कायले? पेंटरनं सांगतलं होतं, बाईले शंकरपाळं."

अर्धाच नियम त्याला ठाऊक होता. यजमान उठले, पण मी त्यांचा हात धरला. बांच्या पानावरून लोक उठून मारामारीला जातील हे मला नको होते. ढाल खाली उतरली. टेकचंदची बायको देवकाबाई तेवढी मान खाली घालून उभी होती. दरवाजावर ढालीच्या आकाराचा पांढरा डाग राहिला आणि माझ्याने वर पाहवेना.

मग मी मनिराम सुताराला बोलावले आणि शंकरपाळेच करून मागितले, पण हातभर मोठे, हिरवे, चांदीच्या सारसासह. त्याने पाखराचे तोंड उलट्या बाजूला केले. मी चूक दाखवली तर म्हणाला, "घराकडं पाहून राहिलं बाई, तर काय बिघडलं?" मी तसेच लावले. तेव्हापासून केशोरीच्या बाजारापर्यंत लोक मला शंकरपाळेवाली बाई म्हणतात. आधी टोचे, पुढे मीच तसे सांगू लागले.

मालगुजाऱ्या गेल्या, टेकचंदचा पसारा आटला, मग तोही गेला. मूलबाळ नव्हते. त्याचे घर विकले गेले तेव्हा भर उन्हात एक बैलांची रेंगी आमच्या दारी थांबली. देवकाबाई उतरली. मागे गोधडीत गुंडाळलेली ढाल होती.

"ठेवाले जागा नाई म्हणून नाई आणली, बाई," ती म्हणाली. "तुमची होये म्हणून आणली. मले त्याच दिवशी बोलाचं होतं. पण मायं कोण आयकते?"

ती भावाकडे निघाली होती. मी बैल सोडायला सांगितले. तेव्हापासून ती इथेच आहे.

टेकचंदला मी क्षमा केली असे माझ्या मागे कोणी सांगत फिरू नये. केलेली नाही. देवकाबाईला क्षमा करण्यासारखे काही नव्हतेच.

गोवर्धनने मला सरळ विचारले, "माय, ढाल पोराले जाते ना? मले आपल्या तांदळाच्या मिलच्या दारावर लावाची आहे." मुलगा कष्टाळू आहे, माझा त्याच्यावर राग नाही. तरी माझी इच्छा अशी: बांची सागवानी ढाल निर्मलाबाईला द्यावी. आकार न बदलता, तोंड न फिरवता, पूर्ण ढाल. तिच्या सासरी तिने ती दारावर लावावी आणि पुढे तिला वाटेल त्या मुलाला किंवा मुलीला द्यावी. पट्टीवर काय लिहायचे ते तिनेच ठरवावे. शंकरपाळे गोवर्धनला द्यावे. हे ऐकून तो हसून म्हणाला, "चालते. मिलच्या पोत्यावर त्याचाच छाप चांगला उमटन."

४. माझी लुगडी देवकाबाईने आधी निवडून घ्यावी, उरलेली वाटावी. घराच्या दक्षिणेकडची खोली ती आहे तोवर तिची. ती कोणाकडे काही मागणार नाही, म्हणून मी लिहिते: तिला विड्याला सुपारी कातरून लागते, दात राहिले नाहीत. दुपारी आम्ही दोघी एका ताटलीत पान घेऊन भांडतो, बहुतेक तिच्या नवऱ्यावरून. माझ्या मागे जो कोणी घरी असेल त्याने दुपारी थोडा वेळ तिच्याजवळ बसावे. भांडता आले तर फार बरे. नाही आले तर ती बोलेल ते नुसते ऐकावे.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, मी दोन ठिकाणी दुरुस्त करवले, आणि साक्षीदारांदेखत स्वतःच्या हाताने सही केली.

सही: अनुसयाबाई भोजराज

साक्षीदार:
१. केशोराव, शेतकरी, केशोरी (सही)
२. बकाराम, दुकानदार, केशोरी (सही)

मुक्काम कोहमटोला, दिनांक १८ नोव्हेंबर १९५७