मोठ्या मडक्याआधी वाटी

आये, हे तुला सांगितल्याशिवाय मला आज घास गिळायचा नाही. म्हणून लेकीच्या पोरीला झोपवलं आणि तिच्याच शाळेच्या कागदावर लिहायला बसले. माझं लिहिणं तुला ठाऊकच आहे. दुसरीतून काढून तू मला म्हशींच्या मागे धाडलंस, तेव्हापासून जोडाक्षर आलं की हात अडखळतो. पण तू तरी कुठे वाचणार होतीस म्हणा.

तुला वज्रेश्वरीची ती वाटी आठवते का? कुंडावर आंघोळ करून येणाऱ्यांना तू दही विकायचीस, त्या मोठ्या मडक्यावर आपलं घर चालायचं. एकदा आपलं विरजण संपलं आणि मावशी तिच्या घरचं घेऊन आली, चांगलं बोळकं भरून, वरून केळीचं पान बांधून. तू ते मडक्यात घातलंच नाहीस. वाटीभर दूध घेतलंस, त्यात थेंबभर सोडलंस आणि वाटी फळीवर ठेवून दिलीस. मावशीचं तोंड उतरतं. ती म्हणते, "माझ्यावर भरवसा न्हाय का गं तुझा?" आणि तू चुलीकडे बघतच म्हणतेस, "तुझ्यावर हाय. तुझ्या मडक्यावर न्हाय." मावशी चहा न पिता गेली. सकाळी वाटीतल्या दह्याला तार सुटली होती. मडकं वाचलं, मावशी मात्र होळीपर्यंत बोलली नाही. ही गोष्ट मी माझ्या लेकीला इतक्यांदा सांगितली की ती कान झाकून घ्यायची.

आता ही लेक नारपोलीला कपडा रंगवायच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसते. तिथलं रंगाचं मशीन आता हाताने चालत नाही. किती ताप द्यायचा, रंग कधी सोडायचा, पाणी कधी काढायचं, सगळं तो कॉम्प्युटर सांगतो. नवा रंग आला की त्याचं हे सगळं माप फ्लॉपीत येतं, म्हणजे एक चपटी चौकोनी डबी, हातात मावेल एवढी. पण कधी कधी त्या डबीत व्हायरस लपून येतो. तो कुणी माणसानेच खोडी काढायला लिहिलेला असतो म्हणे. एका कॉम्प्युटरात शिरला की त्यात घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीला लागतो आणि तिथून पुढच्या कॉम्प्युटरला. थेट विरजणासारखं, आये. मागे असाच एक शिरला आणि मशीन अर्ध्या रंगात थांबलं. आतला सगळा कपडा चट्ट्याचट्ट्यांचा निघाला. शेठ तेव्हा शांतपणे म्हणाले, "पोरी, परत असं झालं तर मी पुन्हा हाताने व्हॉल्व्ह फिरवणारी माणसं ठेवीन. तुला घरी बसावं लागेल." जावयाचा कापड विणायचा लूम बंद पडलेला, तिच्या पगारावर घर. माझी झोप उडाली होती.

आज ती डबा विसरली, म्हणून मी कामतघरहून रिक्षाने तो द्यायला गेले. काचेपलीकडे शेठचा भाचा फ्लॉपी नाचवत उभा. गिऱ्हाइकाचा माल अडलाय, लवकर लाव म्हणत होता. आपल्या पोरीने ती घेतली आणि मशीनकडे न जाता कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरकडे गेली. त्याला मशीनची वायरच नाही, त्यात फक्त फ्लॉपी तपासायचा प्रोग्राम ठेवलाय. मागच्या वेळेनंतर तिनेच तो कॉम्प्युटर भंगारात जाताना मागून घेतला. भाचा तापला. "अरे, मुझ पे भरोसा नहीं क्या?"

आणि आये, ती मान न वळवता म्हणते, "तुमच्यावर हाय, भाई. तुमच्या फ्लॉपीवर न्हाय."

माझ्या हातातला डबा पडता पडता राहिला. इतक्यात कॉम्प्युटर पी-पी करायला लागला आणि त्याच्या पडद्यावर लाल ओळ आली. व्हायरस. भाचा म्हणाला, "लेकिन ये तो ऑफिस से आयी है." शेठ मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. मशीन आपलं कपडा फिरवत होतं, त्याला याची खबरही नव्हती. शेठनी विचारलं, "हे कुठे शिकलीस गं?" तिने माझ्याकडे बोट केलं, मी वर तुझ्याकडे. मग मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मी मावशीची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. शेठ पोट धरून हसले आणि भाच्याला म्हणाले, "आजपासून जी फ्लॉपी येईल ती आधी वाटीत. माझी असली तरी." आता तिथले सगळे त्या जुन्या कॉम्प्युटरला वाटीच म्हणतायत. आणि पोरीला घरी बसवायची गोष्ट शेठनी पुन्हा काढली नाही.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, ते एका परीने बरंच आहे. कारण संध्याकाळी शेजारणीने विरजण आणून दिलं, मी तिला ही सगळी हकिगत सांगत होते, आणि सांगता सांगता आनंदाच्या भरात ते थेट मोठ्या पातेल्यात ओतलं. अजून झाकण उघडून बघितलेलं नाही.